रिकाम्या खड्ड्याला जोडलेले हात

सिदू,

तुझ्या हॉस्पिटलच्या लोकांनी शोकसभेसाठी माझ्याकडून चार शब्द मागितले होते. दिले. हाडांचा मोठा डॉक्टर, अडल्यानडल्यांचा आधार, गाव न विसरलेला माणूस, असं सगळं त्यात होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. लोकांनी डोळे पुसले. तुझी बायको सुमन पहिल्या रांगेत बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी काय गिळून बसलेय ते तिला ठाऊक होतं. ते आता इथं बोलते. तू मला फसवलंस, सिदू. आणि फसवून वर असा तडकाफडकी निघून गेलास की जाब विचारायला माणूसच शिल्लक ठेवला नाहीस.

सावडायच्या दिवशी सकाळी मी सांगलीहून म्हसवडला पोचले. तुझे थोरले भाऊ तात्या, पुतणे, गावची माणसं राखेवर पाणी शिंपडून हाडं वेचत होती. मी कडेला उभी होते. तुला माहीतच आहे, मला हाडाकडं नुसतं बघता येत नाही. चांगल्या आचेत जळलेलं हाड पांढरं होतं आणि बोटानं दाबलं की खडूसारखा त्याचा भुगा होतो. जळण्यासारखं असतं ते जातं, उरतं ते खनिज. आयुष्यभर माझ्या भट्टीत मी तेच तर भाजत आले. तात्यांनी तुझ्या नडगीचा तुकडा उचलून मडक्यात टाकला तेव्हा माझ्या मनात आलं, अरे, हा तर आपला चुरा! आणि मला हसू फुटलं. अशा वेळी हसणं बरं दिसत नाही म्हणून पदर तोंडावर धरला. बायकांना वाटलं रडतेय. मग खरंच रडले.

राख नदीला सोडायची नाही असं तू सांगून ठेवलं होतंस म्हणे. बांधावर खड्डा घेतला, राख त्यात घातली आणि वर कडुलिंबाचं रोप लावलं. सगळ्यांनी एकेक तांब्या पाणी घातलं. मीही घातलं.

मग वस्तीवर चहा झाला. आत सुमनभोवती बायका बसलेल्या, मला गुदमरायला लागलं म्हणून बाहेर आले. तात्यांची मेंढरं त्या दिवशी चरायला सोडली नव्हती, जाळ्यांच्या कुंपणात कोंडलेली होती. मी उगाच बघत उभी राहिले. बहुतेक काळी. त्यांच्यात एकच माडग्याळ जातीची पांढरी मेंढी होती. पोपटासारखं बाकदार नाक, डाव्या डोळ्याभोवती तपकिरी ठिपका, कपाळावर गुलाल. ती सरळ माझ्याकडं आली आणि माझ्या पदराचा वास घ्यायला लागली. तिच्या कानाला भोक होतं, बिल्ला काढल्यावर राहतं तसं. मी वाकून मागचा पाय बघितला. नडगीवर आतल्या अंगानं एक सरळ रेघ होती, तिच्यावर केस उगवले नव्हते.

ती रेघ मी ओळखली. तू पाती चालवलीस तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

तात्यांना विचारलं, ही कुणाची? ते म्हणाले, "देवाची हाय. सिदानं सोडल्याली. आमी तिला म्याडम म्हंतो." आणि मग कुणाशी बोलतोय ते ध्यानात येऊन त्यांनी जीभ चावली. म्याडम तू मला म्हणायचास. सातएक वर्षांपूर्वी मेली म्हणून तू जिचा निरोप मला दिलास, ती मेंढी माझ्या नावानं हाक मारली की कान हलवत होती आणि माझा पदर चघळत होती.

म्याडम म्हणायला तू केव्हा लागलास, आठवतंय? अकरावी-बारावीची दोन वर्षं आपण साताऱ्यात एका वर्गात होतो. मी रहिमतपूरची, रोज एसटीनं येणारी. तू बोर्डिंगात राहणारा, वर्गात तोंड उघडलंस की पोरं फिदीफिदी हसायची. तू तुझं 'हाय' आणि 'न्हाई' मुद्दाम सोडलं नाहीस. पुढं हाडांचा डॉक्टर झालास, साताऱ्यात हॉस्पिटल टाकलंस, परिषदांत इंग्रजीतून भाषणं ठोकलीस, तरी माझ्याशी तसंच बोलत राहिलास. मी सांगलीला रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि तू मला म्याडम करून टाकलंस. आधी चिडवायला, मग सवयीनं. शेवटी माझा नवराही फोन माझ्याकडं देताना म्हणायचा, म्याडम, तुमच्या डॉक्टरांचा फोन.

आपलं काम सुरू झालं ते एका फौजी पोराच्या पायापासून. सुट्टीवर आला होता, घाटात मोटारसायकल घसरली आणि नडगीचा मधला तुकडाच रस्त्यावर राहिला. हाड मोडलं तर जुळतं, पण मधलं हाडच नाही म्हटल्यावर कशाला काय जुळायचं? तू रिवाजाप्रमाणं त्याच्या कमरेच्या हाडातून तुकडे काढून तिथं भरलेस. पाय भरून आला, पण तो पोरगा दर तपासणीला कमरेवर हात ठेवून कण्हायचा. तू मला फोन केलास. म्हणालास, "आगं म्याडम, पाय नीट करायला मी कंबर फोडतोय. ह्येला काय अर्थ हाय का? तू तुझ्या भट्टीत कायतरी भाज की."

मी भाजलं. साखर कारखान्यातून उसाच्या चिपाडाची राख आणली, तिच्यातून सिलिका काढली, त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट मिसळून काच केली आणि त्या काचेचा बारीक छिद्रांचा चुरा केला. अशी काच हाडाला चिकटते, हळूहळू विरघळते आणि विरघळता विरघळता हाडाच्या पेशींना कामाला लावते. हा काही माझा शोध नाही, जगभर लोक त्याच्यामागं आहेत. माझं एवढंच की राख आमच्या दारात होती आणि छिद्रं केवढी ठेवायची यावर माझं माझं एक मत होतं. तू त्याला मत म्हणत नव्हतास, हट्ट म्हणायचास.

भांडलो किती आपण! तू कुठून तरी परिषद करून आलास की नवीन काहीतरी घेऊन यायचास. कुणी संगणकावर माप घेऊन हाडाचा हुबेहूब सांगाडा छापतंय, कुणी मज्जेतल्या मूळ पेशी त्यात पेरतंय, कुणी हाड वाढवणारी प्रथिनं ओततंय. कुणी आधी सिमेंटचा गोळा ठेवून त्याच्याभोवती शरीराला पडदा विणू देतंय, मग गोळा काढून त्या पडद्याच्या पिशवीत हाड भरतंय. मला सगळ्यातच रस वाटायचा. तू प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचास, तिथं रक्त कुठनं येनार? तासगावकडून येताना द्राक्षबागा लागल्या तेव्हा मी म्हटलं होतं, आपला चुरा म्हणजे हा मांडव, वेल चढला की मांडवानं विरघळून जायचं. तू म्हणालास, मांडव कुनीबी घालंल, मुळाला पानी कोन घालनार? मी घरापर्यंत गप्प बसले, कारण तुझं बरोबर होतं आणि ते मला सांगायचं नव्हतं.

पण मुळातलं भांडण वेगळंच होतं. एक्स-रेमध्ये जागा पांढरी दिसली की तू खूश. मी म्हणायचे, अरे बाबा, हाडही पांढरं दिसतं आणि माझा चुराही पांढराच दिसतो. नवीन हाड झालंय की माझाच माल तिथं ठाण मांडून बसलाय, हे फोटोत कळत नाही. हाडाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी मानणार नाही. तू वैतागायचास. जनावर चालतंय न्हवं, मग हाडच की ते, हे तुझं पालुपद. पेशंट आपल्या पायानं घरी गेला की तुझं काम संपायचं. माझं तिथून पुढं सुरू व्हायचं. मी अजूनही माझ्याच बाजूची आहे, हे लिहून ठेवते. मेलास म्हणून मी मत बदलणार नाही.

मेंढ्यांवर करायचं ठरलं, कारण मेंढीची नडगी मापानं माणसाच्या जवळ जाते. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची परवानगी आली, साताऱ्याच्या बाहेर शेड मिळाली, मेंढ्या तू तुझ्या ओळखीतून आणल्यास. धनगराचं पोरगं आता मेंढीच्या पायातलं हाड काढनार, असं तू स्वतःच सगळ्यांना सांगून हसायचास. मीही हसायचे. त्या हसण्यामागं काय होतं हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं, असं परवा कुणीतरी म्हणालं. का म्हणून? तोंड होतं ना तुला?

पहिल्या मेंढ्यांत जेमतेम जमलं. हाड दोन्ही टोकांकडून आलं पण मध्ये भेटलं नाही. मी छिद्रं मोठी केली, नवा चुरा भाजला. तोवर मेंढी एकच उरली होती, ती ठिपकेवाली. नवा चुरा तिला घातला, वरून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. मुदत संपली की तिला झोपेचं औषध देऊन शांतपणे मारायचं आणि पायाचं हाड काढून घ्यायचं, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. त्या कागदावर पहिली सही तुझी होती.

मुदत भरत आली तेव्हा तुझा फोन आला. पाऊसपाणी, माझ्या सासूबाईंचा गुडघा, असलं काहीबाही बोललास. मग मध्येच म्हणालास, "कापायलाच पायजे का गं?"

"म्हणजे काय? त्यासाठीच तर एवढं केलं," मी म्हटलं.

व्हय, ते हाय, म्हणालास आणि फोन ठेवलास. पुढच्याच आठवड्यात दुसरा फोन. मेंढी गेली. जखमेत पू झाला, ताप चढला, गेली. लागण पसरायला नको म्हणून पाय काढून ठेवता आला नाही, चुना टाकून पुरली.

मी होते तशी निघाले. शेडच्या मागं ताजी माती होती, कडेनं चुना सांडलेला. आपल्या प्रयोगातली मेंढी गेली की तिच्यापुढं उभं राहून हात जोडायचे, ही रीत तूच पाडली होतीस. मला आधी ते नाटकी वाटायचं, मग सवय झाली. त्या दिवशी मी त्या मातीपुढं हात जोडले. तूही माझ्या शेजारी उभा राहून जोडलेस, आणि डोळे मिटलेस. खाली काही नव्हतं, सिदू. खाली नुसता चुना होता, आणि तू डोळे मिटून उभा होतास. मी तुझ्या दंडावर हात ठेवला होता, वाईट वाटून घेऊ नको म्हणून.

शेडवरच्या जनावरांच्या डॉक्टरांना तू सामील करून घेतलंस की त्यांनाही असंच गुंडाळलंस, कोण जाणे. ते तुझ्याआधीच गेले. तुमचं तिथं काय ठरायचं ते ठरू दे.

सांगलीला येऊन मी माझ्याच चुऱ्याला दोष दिला. छिद्रं मोठी केली, म्हणून जंतूंना घर मिळालं असणार. विचारील त्याला हेच सांगितलं. लोकांनीही मान डोलावली, कारण ते पटण्यासारखं होतं. प्रकल्प तिथंच संपला. भट्टीवर मी घरातली जुनी चादर आणून टाकली, तिच्यावर आता मुलं दप्तरं ठेवतात. मी शिकवत राहिले. वाईट काही झालं नाही, पण सकाळी उठून लॅबकडं पळत सुटावं असंही काही उरलं नाही. तू ते बघत होतास. माझ्या घरी, माझ्या टेबलावर बसून बघत होतास.

आणि वर दर भेटीत माझ्याच मागं लागायचास. म्याडम, सोडू नगंस, परत लाव भट्टी. कुठं काही छापून आलं की कात्रण घेऊन यायचास, बघ, हे लोक करतायत, तू का बसलीस? मी विचारायचे, कशाच्या जोरावर सांगतोस? शेवटची मेंढी सडून मेली ना? तू कपात बघत म्हणायचास, मला वाटतंय. तुला वाटत नव्हतं! तुला माहीत होतं. ती तुझ्या भावाच्या कळपात माळावर उड्या मारत होती.

या सगळ्या वर्षांत तू माणसांच्या कमरेतून हाड काढतच होतास, ज्याचा तुला मनापासून वैताग होता तेच. एका मेंढीवरून उद्याच्या उद्या माणसात चुरा भरता येत नाही, एवढं मलाही कळतं. पण पुढच्या परवानग्या मागता आल्या असत्या, पुढच्या मेंढ्या घेता आल्या असत्या. एखादा पोरगा तरी कमरेवर हात न ठेवता घरी गेला असता. तो कोण असता ते आपल्याला कधी कळणार नाही. तू रस्त्यावर काटे टाकलेस आणि मला म्हणत राहिलास, चाल.

तर सावडायच्या दिवशी मी तात्यांना कुंपणापाशीच गाठलं. भाऊ गेलेल्या माणसाला खडसावता येत नाही म्हणून हळू विचारलं. तात्यांनी काही लपवलं नाही. ऑपरेशननंतर तिला खरंच ताप आला होता, जखम लाल झाली होती. मी घाबरून मुदतीआधीच सगळं थांबवीन म्हणून तू मला कळवलं नाहीस. साताऱ्याचा दवाखाना उरकून रोज शेडवर जायचास, तिला हातानं पाला चारायचास. आणि एका संध्याकाळी तिच्यापाशी बसून गावच्या सिद्धनाथाला नवस बोललास. हिचा पाय भरू दे, हिला तुझ्या नावानं सोडीन. देवाला सोडलेली मेंढी विकत नाहीत, कापत नाहीत, ती आपल्या मरणानं मरते, असं तात्या मला समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, तात्या, मी रहिमतपूरची आहे, मला माहीत आहे.

तू नवस बोललास! पेशंटच्या घरचे देवाला काही कबूल करायला लागले की तूच म्हणायचास, आधी प्लास्टर, मग नवस. आणि नवस तरी कशासाठी, तर माझ्या चुऱ्याला यश यावं म्हणून. आणि यश आल्याचा एकुलता एक पुरावा होता तो त्याच नवसात देऊन मोकळा झालास. असला व्यवहार म्हसवडचाच माणूस करू जाणे.

खोटं कशाला बोलू, हे ऐकून माझा राग जरा खाली बसला. माझ्या कामासाठी कुणी कधी देवापुढं बसलं नव्हतं. माझ्या घरच्यांना मी नक्की काय करते ते अजून नीट सांगता येत नाही, 'हाडाची पावडर' म्हणतात. आणि तू, देवाधर्माला हसणारा, दिवसभर उभं राहून ऑपरेशनं करून तिथं जाऊन त्या मेंढीच्या पायाशी बसत होतास. तेवढ्यापुरती मी तुझी उपकृत आहे. तेवढ्यापुरतीच.

कारण तात्या पुढं म्हणाले, पट्टी काढाया सिदा हितंच आला हुता, त्या झाडाखाली केलं समदं. म्हणजे तू तो पाय पुन्हा उघडलास. पट्टी उचललीस आणि खालचं हाड तुझ्या डोळ्यांनी बघितलंस. तिथून तांदळाएवढा तुकडा काढून मला दिला असतास तर मेंढी मेली नसती, नवस मोडला नसता आणि मला चकती मिळाली असती. तुझ्यासारख्या सर्जनला हे सुचलं नसेल असं मला सांगू नकोस. सुचलं होतं. पण मग तो तुकडा कुठून आला ते सांगावं लागलं असतं. खड्डा रिकामा होता हे सांगावं लागलं असतं. नवस देवाचा होता, सिदू, पण थाप तुझी होती. त्या दोन्हीची मी गल्लत करणार नाही.

सुमनला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "शपथ घातली होती मला. ताई, सांगायचं म्हणून ते कितींदा सांगलीला आले. तुमच्याकडं जेवून परत आले." मला ती जेवणं आठवली. खाली मान घालून जेवायचास, निघताना दारात घुटमळायचास, चपला घालायला वेळ लावायचास. मला वाटायचं, आमटी आवडली नाही.

दहाव्याला मी परत म्हसवडला गेले. तुझ्या हॉस्पिटलातल्या एक्स-रेवाल्या संजयला सांगून ठेवलं होतं, येताना फिरतं मशीन गाडीत घाल. का म्हणून त्यानं विचारलं नाही, तुझ्याच तालमीतला. पिंडाला कावळा शिवेना. माणसं उन्हात ताटकळली, जो तो तुझी काय इच्छा राहिली असेल याचा अंदाज करून बोलत होता. पोरीचं लग्न नीट करू, हॉस्पिटल चालू ठेवू. शेवटी तात्यांनी हळूच माझ्याकडं बघितलं, मग सुमननं बघितलं. मी तोंड उघडलं नाही. तुझं समाधान करायला मी बांधील नव्हते. बऱ्याच वेळानं कावळाच कंटाळून शिवला.

जेवणं उरकून पाहुणे पांगल्यावर आम्ही मेंढी त्या झाडाखाली आणली. तात्यांनी तिला धरली, मी पाय धरला, संजयनं खाली पाटी सरकवली. समोरून एक आणि बाजूनं एक असे दोन फोटो काढले. मला जे दिसलं ते आता तुला सांगते, कारण ज्याला सांगावं असा दुसरा माणूस नाही. आपण हाड कापलेली जागा मला शोधावी लागली. स्क्रूंच्या बुजत आलेल्या भोकांवरून अंदाज घेऊन शोधली. पांढरं होतं, पण नुसतं पांढरं नव्हतं. कडा दाट होत्या आणि मधून मज्जेची पोकळी वरपासून खालपर्यंत सलग गेली होती. माझा चुरा तिथं नुसता बसून राहिला असता तर गच्च डाग दिसला असता. ती पोकळी जिवंत हाडच पाडतं. पाहिजे तिथं भरतं, नको तिथलं खातं, आणि जनावर चालत राहिलं की स्वतःला परत घडवतं. त्याला वर्षं लागतात, आणि वर्षं तिला मिळाली होती. चकती ती चकतीच, ते मी सोडत नाही. पण नुसत्या फोटोवरून सांगते, ते हाड आहे. तू जिंकलास. मीही जिंकले. आणि दोघांनी टाळी द्यावी तर मी तिथं मेंढीचा पाय धरून एकटी बसले होते.

तात्यांनी विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, "हाड हाय, तात्या."

मग ते घरात गेले आणि एक दोरी घेऊन आले. मेंढीच्या गळ्यात बांधली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. म्हणाले, "सिदानं सांगून ठेवल्यालं. म्याडम कवा आल्या आन् मेंढी मागितली, तर न्हाई म्हनू नगंस. देवाचं मी बघून घीन, म्हनला हुता."

असं का! म्हणजे मला सांगायचं धाडस नाही, पण मी एक दिवस येऊन मागेन म्हणून मागची तजवीज तयार. देवाचं तू बघणार आणि मेंढीचं मी बघायचं. मी दोरी धरून उभी राहिले. गाडी होती, संजय होता, पुन्हा शेड मिळवणं अवघड नव्हतं. हातातल्या दोरीच्या टोकाला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम चार पायांवर उभं होतं, आणि ते कापून बघायचा मला पुरा हक्क होता. तात्या जमिनीकडं बघत होते. सुमन दारात उभी होती.

तू मला विचारलं होतंस, कापायलाच पायजे का गं. मी हो म्हणाले. पण तू प्रश्न अर्धाच विचारलास. नवसाचं सांगितलं असतंस तर मी काय म्हणाले असते? आधी तुला वेड्यात काढलं असतं. फोन आपटला असता, बरेच दिवस बोलले नसते. आणि मग? तांदळाएवढ्या तुकड्यावर तयार झाले असते की तुझ्याआधी शेडवर जाऊन हाड काढून आले असते? मला खरंच माहीत नाही, सिदू. तेव्हाची ती मी काय म्हणाले असते, हे आता मलाही कळायचं नाही. मेंढी लपवलीस त्याचा राग कधीतरी जाईल. पण मी कोण आहे ते तू मला न विचारता ठरवून टाकलंस, आणि तसं ठरवून माझ्याच घरी आमटीभात खाल्लास. त्याचा जात नाही.

दोरी तात्यांच्या हातात परत दिली. म्हटलं, देवाची आहे, देवाकडं राहू दे. पण आता म्हातारी झालीय, दात झिजलेत. आपल्या मरणानं जाईल त्या दिवशी मला फोन करायचा. मागचा हा पाय माझा, बाकीची तुमच्या रीतीनं पुरा. तात्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि व्हय म्हणाले. मेंढी पुन्हा माझ्या पदराकडं वळली. मी तिला घालवलं नाही.

भट्टीवरची चादर काल काढून धुवायला टाकली. मुलांना सांगितलं, दप्तरं दुसरीकडं ठेवा.

आणि तात्यांना एक गोष्ट मात्र दोनदा बजावून आलेय. मी पोचल्याशिवाय खड्डा बुजवायचा नाही. या खेपेला मी वाकून बघणार आहे आत कोण आहे ते, आणि मगच हात जोडणार आहे.